अंतराळ शिकवायला जाणकारांना वर्गात येऊ द्या

संपादक महोदय,
अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात, असं अजूनही कितीतरी वर्गांत सांगतात. खरं तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जेमतेम ४०० किमी वर आहे, तिथे जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के गुरुत्वाकर्षण असतंच, स्थानक आणि आतली माणसं पृथ्वीभोवती फिरताना सतत एकत्र पडत असतात म्हणून ती तरंगतात. शिक्षकांचा दोष नाही हो, त्यांनाही कुणी नीट सांगितलेलं नसतं. रिटायर्ड पायलट, विमानांचे इंजिनिअर, हौशी आकाशनिरीक्षक यांनी महिन्यातून एखादा तास शाळेला द्यावा, पण शाळांनी त्यांना नुसतं भाषणाला बोलावू नये, शिक्षकांसोबत बसून प्रयोग ठरवू द्यावेत. तळाला भोक पाडलेली पाण्याची बाटली उंचावरून सोडली की पडताना पाणी गळायचं थांबतं, कारण स्थानक आणि माणसांसारखंच बाटली आणि पाणीही एकत्र पडतात, हे मुलांना स्वतः करून बघू दे.
– एक वाचक