टीएमसीशेजारी दलघमीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात रोज एक चौकट येते. नवजा, महाबळेश्वर, कोयनानगरचा पाऊस मिलिमीटरमध्ये, कोयना धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फूट-इंचांत. सगळे आकडे सरकारी खात्यांचे, म्हणून सगळी एकके अधिकृत असा समज होतो. यात मेट्रिक आहे तो फक्त पाऊस.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. त्यामुळे 'क्युसेक प्रतिसेकंद' ही बातम्यांतली नेहमीची चूक. सेकंद त्या शब्दातच आहे. १९६० साली नाव मिळालेल्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत (एसआय) साठ्याला घनमीटर आणि विसर्गाला घनमीटर प्रतिसेकंद आहे. मराठीत दशलक्ष घनमीटरला दलघमी हा सुटसुटीत शब्द रुळलेलाही आहे. जायकवाडीच्या बातम्यांत तो सर्रास दिसतो. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, म्हणून कोयनेची १०५.२५ टीएमसी क्षमता सुमारे २,९८० दलघमी होते.

हा नुसता शुद्धतेचा हट्ट नाही, हिशेबाची सोय आहे. पावसाचे मिलिमीटर गुणिले पाणलोटाचे चौरस किलोमीटर, भागिले हजार, की थेट दलघमी. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौ. किमी. सगळीकडे १०० मिमी पडला तर ८९.२ दलघमी पाणी पडले. मुरले, वाटेत अडले ते त्यातून वजा. विसर्गाचेही तसेच: ५० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला १,४१६ घनमीटर, त्याला ०.०८६४ ने (दिवसाचे ८६,४०० सेकंद भागिले दहा लाख) गुणले की दिवसाला १२२ दलघमी. आवक आणि जावक एकाच मापात समोरासमोर येतात.

सर्वांत घातक गोंधळ पुलाच्या पातळीचा. ४३ फूट ६ इंच हे अनेकदा '४३.६ फूट' असे छापले जाते. खरे ते ४३.५. पुढे ४३ फूट १० इंच झाले की '४३.१०' येते आणि सकाळच्या ४३.९ पेक्षा पाणी उतरले असे वाटते, चढलेले असताना! मीटरमध्ये ही भानगडच नाही. इशारा पातळी ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, धोका पातळी ४५ फूट म्हणजे १३.७२ मीटर.

मेट्रिक म्हटले की एसआय, असेही नाही. लिटर, हेक्टर, टन ही एसआयची एकके नव्हेत, पण तिच्यासोबत वापरायला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. क्विंटल हिशेबाने मेट्रिकच, १०० किलो; मात्र हळदीचे सगळे दर त्यात निघत असले तरी त्या मान्य यादीत तो नाही. सातबाऱ्यावरचा आर १०० चौ. मीटर, गुंठा १०१.१७. दोन्ही एकच धरले तर एकरामागे जवळपास अर्धा आर इकडचा तिकडे होतो, आणि बांधाचे भांडण तेवढ्यावरही पेटते.

वैधमापन कायदा, २००९ दर, बिल आणि जाहिरातींना मेट्रिकचे बंधन घालतो. बातमीला नाही, तिथे मर्जी आपली. (आपल्याच अंकातल्या गुंठेवारी प्लॉटच्या जाहिरातींचे काय, ते जाहिरात विभागाने पाहावे.) फूट आणि टीएमसी लोकांच्या तोंडी आहेत, ते काढू नयेत. चौकटीत फक्त एक रकाना वाढवावा: पातळी मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत, साठा दलघमीत, विसर्ग घनमीटर प्रतिसेकंदात. आणि फूट छापताना इंच वेगळे लिहावेत, टिंब देऊन नव्हे.

आपला,
एक वाचक, सांगली