सड्यावरच्या काका-काकींना, सगळ्यांसमोर

काका, काकी, नमस्कार.

खरं तर हे घरी येऊन बोलायचं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, आमचं लिहिणाऱ्या-चितारणाऱ्यांचं रिट्रीट झाल्यापासून लोक माझंच अभिनंदन करतायत. काय मस्त होस्ट केलंस गं, पुढच्या वर्षी माझं नाव आधीच लिहून ठेव, वगैरे वगैरे. ऐकताना मलाच कानकोंडं होतं. मी गूगल फॉर्म बनवला, पैसे गोळा केले आणि टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याच्या मागे लागले, बास. पंधरा-सोळा अनोळखी माणसांना घरात घेतलं तुम्ही, सडा दाखवला तुम्ही, आणि वेळेला ओरडून सगळ्यांना खाली आणलं ते पण तुम्हीच. म्हणजे यजमान कोण ते एकदा स्पष्ट झालेलं बरं. तुमची नात हे वाचून दाखवेल, तिला सांगून ठेवलंय.

गावाचं नाव लिहीत नाहीये, ती काकांची अट. सत्तरी तालुका, चोर्ला घाटाच्या बाजूला, एवढंच पुरे. पावसातल्या रविवारी घाटात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, धबधब्याखाली मोठ्याने गाणी लावलेल्या गाड्या आणि मागे राहिलेल्या बाटल्या. काका म्हणाले फोटो घाल, लोकेशन घालू नको. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी इनबॉक्समध्ये विचारलंय त्यांनी रागावू नये प्लीज.

ज्यांना आगापिछा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिहिणारे, चित्रं काढणारे, एक नाटकवाला, एक फोटोवाली, सगळ्यांनी मोबाईल बाजूला ठेवून सड्यावर जाऊन आपापलं काम करायचं, एवढाच प्लॅन होता. घाटातल्या एका रिसॉर्टशी बोलणं झालेलं, ॲडव्हान्स पण दिलेला, आणि ऐन चवथीच्या (गणपतीच्या) दिवसांत त्यांनी कळवलं की मोठा ग्रुप मिळालाय, तुम्ही दुसरीकडे बघा. मी म्हापशाहून तुम्हाला फोन केला तो खरं तर दुसऱ्या कुणाचा तरी नंबर मागायला. तुमच्याकडे मागे आरती चाललेली, घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) वाजतंय, मला अर्धं ऐकू येत नाहीये आणि तुम्ही म्हणालात, "हांगाच येयात गे, घर कितें ल्हान आसा?" झालं. पुढच्या आठवड्यात तुम्ही शेजारच्या दोन घरांत माणसं वाटून टाकली होती, कोण कुठे झोपणार ते काकींनी ठरवलं होतं आणि बाथरूमचा प्रश्न (जो मला रात्री झोपू देत नव्हता) तुम्ही शेजाऱ्यांशी बोलून सोडवून पण टाकला होता.

सगळे आले त्या सकाळी आमच्या शेड्यूलमध्ये लिहिलेलं, ओळखपरेड. काका म्हणाले तें मागीर, आधी देवळात चला. पुण्यामुंबईच्या लोकांना माहीत नव्हतं की सातेरी देवी म्हणजे वारूळ, मूर्तीची सवय असते ना, गाभाऱ्यात मातीचं वारूळ बघून दोघंतिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग काकांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. ही लेकरं लांबून आलीत, सड्यावर बसून लिहिणार, चितारणार, त्यांच्या पायाखाली काय येऊ देऊ नको, त्यांच्या हातून पण इथल्या कशाला इजा होऊ देऊ नको, हातात घेतलेलं काम पुरं करून घे, असं सगळं एका दमात, आणि प्रत्येक वाक्याला वाड्यावरची चार माणसं "व्हय म्हाराजा". पहिल्या दोनतीन वेळा आमचे लोक नुसते ऐकत होते, मग हळूहळू त्यांचे पण आवाज मिसळायला लागले, आणि शेवटी आमची ती अगदी देव न मानणारी कवयित्री सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. नाटकवाला तर म्हणाला मी वर्षानुवर्षं वर्कशॉपमध्ये कोरस शिकवतो, असा कोरस कधी बसला नाही. आणि सड्याच्या वाटेला लागताना राखणदाराला (जागेची राखण करणाऱ्या देवाला) विडी ठेवली ते कुणी विचारलं पण नाही, सगळ्यांनी गुपचूप हात जोडले. आमच्या आइसब्रेकरची गरजच उरली नाही.

आता सड्याबद्दल. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सडा म्हणजे जांभ्याचं पठार. वर्षानुवर्षं धो धो पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि मागे लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली, तो हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. वर माती बोटभर, कुठे कुठे तीपण नाही. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, चप्पल घालून पण चालवत नाही. आणि पावसाळ्यात, त्यातही गणपतीच्या पुढेमागे, काय होतं ते मी कितीही लिहिलं तरी कमीच. सीतेच्या आसवांचं जांभळं, गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचं पिवळं, कडेच्या झुडपांतून वर आलेली कळलावी. लोक कासला जाऊन हे बघतात, आणि जावंच, पण सत्तरीतल्या माणसाला घराच्या मागच्या चढावर हे आहे आणि त्याचं त्याला काही विशेष वाटत नाही, तो गुरं घेऊन मधून चालत जातो.

काकांनी आम्हाला सड्यावर चालायला शिकवलं असं म्हटलं तर कुणाला हसू येईल, पण खरंच शिकवलं. सुटा दगड उचलायचा नाही, खाली फुरसं असतं. जिथे पाणी पातळ साचलंय तिथे पाय द्यायचा नाही, दगडावरूनच जायचं, कारण त्याच पातळ पाण्यात सगळं उगवलेलं असतं. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की वाट बदलायची, तिला त्रास द्यायचा नाही. आमची फोटोवाली पहिल्यांदा वैतागली, तिला आडवं झोपून फोटो काढायचे होते. मग काकांनी तिला एका जागी नेऊन नुसतं बोट दाखवलं. नखाएवढं तांबूस रोप, पानांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. दवबिंदू. ती तिथेच उकिडवी बसली ती जेवायलाच उठली.

ते दवबिंदू बघून आमच्यातली एकजण, जी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहिलीये, एकदम म्हणाली अरे हे तर मी डार्टमूरला बघितलंय! तिकडचं मूर म्हणजे असंच उघडं माळरान, वारा, धुकं, खुरटी झुडपं, लोक लिहायला चित्रं काढायला जातात तिथे. पण तिकडे सगळा पीट, म्हणजे थंडीत आणि ओलीत न कुजता साठलेल्या वनस्पतींचा काळा थर, आणि आपल्याकडे पावसाने सगळं धुऊन नेलेला उघडा कातळ. कारणं अगदी उलटी, पण दोन्हीकडे झाडाला खायला नायट्रोजन मिळत नाही, मग झाड किडे धरून खातं. रात्री सोप्यावर ती हे सगळं सांगत होती आणि काका लक्ष देऊन ऐकत होते. मग तिने सांगितलं की डार्टमूरवर तंबू टाकून राहायचा लोकांना हक्क आहे की नाही यावर जमीनमालकांनी केस केली आणि ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०२५ च्या मे महिन्यात निकाल लागला, लोकांच्या बाजूने. काका जरा वेळ गप्प, मग म्हणाले, कोर्टात कशाला जायला हवं, गावकारांना (गावच्या मूळ घराण्यांतल्या मानकऱ्यांना) विचारायचं आणि एक नारळ द्यायचा. सगळे हसले, पण मला वाटतं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्यासाठी गावकारांशी तुम्ही बोलला होता, देवळाच्या कमिटीशी तुम्ही बोलला होता, अभयारण्याची हद्द कुठे लागते आणि कुठपर्यंत आम्ही यायचं ते पण तुम्हीच ठरवून दिलं होतं. आम्हाला फुकट मिळालेली ती मोकळीक तुमच्या शब्दावर मिळाली होती.

आणि तो विजांचा दुपारचा प्रकार. आकाश चांगलं उघडलेलं, सगळे आपापल्या जागी पांगलेले, कुणाचं लिहिणं नुकतं कुठे लागलं होतं. काका खालून चढून आले घोंगडीची खोळ घेऊन आणि म्हणाले "बाय, पावस येता, सकयल (खाली) चल." मी म्हटलं काका अजून ऊन आहे हो. तुम्ही काही बोललाच नाहीत, सरळ एकेकाकडे जाऊन त्यांच्या वह्या उचलायला लागलात! दोघंजण चांगलेच फुगले, आर्टिस्ट लोक ना. आम्ही शेवटच्या वळणावर असताना वर पहिला कडाका झाला आणि मग जे चालू झालं ते रात्रीपर्यंत. उघड्या सड्यावर माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते हे मला पुस्तकात माहीत होतं, तुम्हाला वाऱ्यावरून माहीत होतं. फुगलेल्या दोघांपैकी एकाने रात्री तुमचे पाय धरले, दुसऱ्याने अजून कबूल केलेलं नाही पण त्याच्या नव्या गोष्टीत एक म्हातारा आहे, घोंगडीवाला, आम्ही ओळखलाय.

काकी, तुमच्याबद्दल लिहायला बसले तर वेगळं पत्र होईल. सकाळची पेज आणि लोणचं. फागलांची भाजी, तायकिळ्याची भाजी, खतखतें, सुक्या बांगड्याची किसमूर. कोल्हापूरच्या माणसाने उकड्या तांदळाचा भात पहिल्या दिवशी चिवडला आणि शेवटी घरी न्यायला किलोभर मागून घेतला. तुम्ही कुणाला कधी विचारलं नाहीत काय लिहिलंस म्हणून, आणि त्याबद्दल सगळ्यांनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं की हे फार बरं वाटलं. रिट्रीटमध्ये रोज संध्याकाळी वाचून दाखवायची सक्ती असते ना, त्याचं टेन्शन येतं. तुमच्या स्वयंपाकघरात येऊन नारळ खवत बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं. चुलीवर कागद वाळवायची आयडिया पण तुमचीच, नाहीतर त्या दमट हवेत वॉटरकलरचे कागद पापडासारखे... असो, बुरशी धरली असती.

मग ते रंगाचं. आमच्या चित्रकाराचे डबीतले रंग वाळतच नव्हते म्हणून तो कंटाळून बसला होता तर काकांनी वाटेवरचा जांभ्याचा चुरा आणून दिला, काकींनी पाटा-वरवंटा दिला (मसाल्याचा नाही, जुना), आणि त्याने घासून गाळून डिंकात कालवून त्याच रंगाने सडा काढला. याच दगडावर आपल्या गोव्यात माणसाने केव्हाच चित्रं कोरून ठेवलीत, कुशावतीच्या काठी पणसायमळला, बैल, हरणं, तो गोल गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेत आली, पण गावातल्या गुराख्यांच्या पायाखाली होतीच. त्या दिवशी चित्रकार म्हणाला आपण फार उशिरा आलेले लोक आहोत इथे, मला ते आवडलं.

एक गोष्ट मात्र मला जास्त लांबवून सांगायचीय. तुम्ही आम्हाला सड्याच्या पायथ्याला झरीवर नेलं तो दिवस. वरून भोकाभोकांतून मुरलेलं पाणी खाली झरीतून येतं, झरीचं पाटाने कुळागरात (बागायतीत) जातं, त्यावर माडी (सुपारीची झाडं), केळी, मिऱ्याच्या वेली, आणि विहिरींना पण तेच पाणी. तुम्ही म्हणालात, वर पाऊस राहतो म्हणून खाली आम्ही राहतो. आता बघा, ज्या सड्याला आपण सहज पडीक, ओसाड म्हणून मोकळे होतो, त्यावर गोव्यात काय काय उभं राहिलं. ताळगावच्या पठारावर युनिव्हर्सिटी, वेर्ण्याला इंडस्ट्रियल इस्टेट, मोपाच्या सड्यावर एअरपोर्ट, २०२२ च्या डिसेंबरमध्ये उद्घाटन झालं त्याचं. मी स्वतः मोपावरूनच विमान पकडते, म्हणून नुसती नावं ठेवणार नाही, माझे अर्धे पाहुणे पण तिथेच उतरले. पण मोपा ज्या पेडण्यात आहे तिथे जाऊन विहिरींचं विचारायला हवं हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा तुमच्या झरीवर बसल्यावर आलं. आता आमच्यातली एक मुलगी त्यावरच लिहितेय, तिला मदत कराल ना? ती फोन करेल, संध्याकाळी, गुरं आल्यानंतर, मी वेळ सांगितलीये.

पैशांचं. तुम्ही काकींच्या सामानाचे तेवढे घेतलेत आणि बाकीचे परत केलेत, यावर आपलं भांडण झालेलं आहे आणि मी हरले आहे. उरलेले आम्ही सगळ्यांनी ठरवून झरीच्या पायऱ्यांसाठी देवळाच्या कमिटीकडे दिलेत, पावती तुमच्या नातीला पाठवलीये. चित्रकाराने एक चित्र तुमच्यासाठी ठेवलंय, फ्रेम करायला टाकलंय, भिंतीला ओल आहे तिथे लावू नका. पुढच्या वर्षी परत करायचं का ते तुम्हीच सांगा, मी कुणाला शब्द दिलेला नाही. आणि काकी, तुमची दोन पातेली आणि ते मोठं ताट माझ्या डिकीत राहिलंय, दिवाळीला पोहे खायला येते तेव्हा घेऊन येते.

तुमची,
म्हापशाची बाय