मंत्रीसाहेब, पुरस्कार मिळालेला सिनेमा बघायचा कुठे?

मा. मंत्रीमहोदय,
सांस्कृतिक कार्य, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही, ऑफिसात मेल लिहिते तेवढंच, तेव्हा कुठे कमी-जास्त झालं तर आधीच माफी मागते. तुम्हाला उद्घाटनं असतात, सत्कार असतात, वेळ नसतो याची कल्पना आहे. थोडक्यात लिहिणार होते, पण आता बसलेच आहे तर ते काही जमेलसं दिसत नाही.

परवाच्या रविवारी आईला सिनेमाला घेऊन गेले. आई ७४ वर्षांची, गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदललेत, त्यामुळे आमच्याकडे सिनेमाला जाणं म्हणजे लग्नाला जाण्याइतकी तयारी असते. सकाळपासून तिने साडी काढून ठेवलेली, निळी नारायणपेठ, फॉल सुटला होता तो स्वतः टाचून घेतला. रिक्षा मिळेना, पाऊस, मॉलच्या दारात सिक्युरिटीने पर्स उघडली आणि आतली पाण्याची बाटली आणि गोळीसोबत खायला घेतलेला दाण्याचा लाडू काढून बाजूला ठेवला. (बाहेरचं खाणं आत नेता येईल असं विधिमंडळात सांगितलं होतं, २०१८ साली, तुमच्याच एका सहकाऱ्याने. ते कुठे गेलं? आता तर सुप्रीम कोर्टानेच २०२३ मध्ये सांगितलंय की थिएटरवाला नाही म्हणू शकतो, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यावं. म्हणजे लाडू गेलाच.) सरकता जिना तिला जमत नाही, लिफ्ट बंद, मग मालाच्या लिफ्टने, खोक्यांच्या शेजारी उभं राहून आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो.

आणि तिकडचा मुलगा म्हणतो, शो कॅन्सल.

का? तर पाचच तिकिटं गेलीत, किमान दहा लागतात. हे हिंदीत सांगितलं बरं का, आईकडे न बघता. वर म्हणे, याच टायमिंगला हिंदी पिक्चर आहे, त्यात बसवतो, सीट्स चांगल्या आहेत. जशा काही आम्ही सीटा बघायला आलो होतो! मागे एक माणूस स्टुलावर चढून आमच्या सिनेमाचं पोस्टर फ्रेममधून सोडवत होता, ओढताना हिरोईनचा गाल टराटर फाटला. सिनेमाचं नाव मी लिहीत नाही, निर्मात्याचं आधीच वाटोळं झालंय. आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, अगं पण याला तर बक्षीस मिळालंय ना? मग ते कोणाला दाखवायला दिलं?

साहेब, हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे. मला उत्तर देता आलं नाही, तुम्हाला येतंय का बघा.

झालंय असं की आमच्या फ्रिजवर मॅग्नेटने एक कात्रण लावलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले त्यातली मराठी नावं आईने कापून ठेवलीत, बघून झालं की पेनाने टिक करते. श्यामची आई, टिक. नाळ २, टिक, तो दिवाळीत थिएटरात मिळाला होता. त्यातल्या चिमुरड्या त्रिशा ठोसरने साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतला तो व्हिडिओ आईने इतक्या वेळा बघितलाय की माझा डेटा संपला. आत्मपॅम्फ्लेट, आशिष बेंडेला पहिल्या सिनेमासाठी मिळाला तो, नातवाने मोबाईलवर दाखवला, टिक. शाळकरी प्रेम आणि देशाचं राजकारण एकाच दप्तरात कोंबलंय आणि दप्तर फाटत नाही, मला फार आवडला, पण साडेसहा इंचाच्या काचेवर ७४ वर्षांच्या बाईने चष्मा वर-खाली करत बघावा असा तो सिनेमा नव्हता हो. आणि चौथा जिप्सी, ज्यातल्या कबीर खंदारेला बालकलाकाराचं पारितोषिक मिळालं. तो नावाला जागला. भटकतोय कुठेतरी, आमच्या गावात अजून आला नाही. त्याच्यापुढे टिक नाही.

आता तुम्ही म्हणाल राष्ट्रीय पुरस्कार दिल्लीचे, आमचा काय संबंध. बरं, तुमच्याकडे येते. राज्याचे ६० वे आणि ६१ वे चित्रपट पुरस्कार ५ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या डोममध्ये एकाच संध्याकाळी वाटलेत. दोन वर्षांची थकबाकी एकदम, घरपट्टी भरल्यासारखी. अनुपम खेर आले, काजोल आल्या, महेश मांजरेकर, मुक्ता बर्वे, सगळ्यांचे फोटो छान आले. यातल्या कोणाबद्दल माझी तक्रार नाही, मुक्ताचं तर मी सगळं बघते. पण ज्या सिनेमांना तुम्ही त्या रात्री ट्रॉफ्या दिल्या ते थिएटरातून जाऊन किती काळ लोटला होता? गावची जत्रा उठून गेल्यावर पाळणा लावायचा आणि पोरांना सांगायचं बसा. दिल्लीचंही तेच. गोष्ट एका पैठणीचीला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट जाहीर झाला जुलै २०२२ ला, तोही २०२० सालचा म्हणून, आणि सिनेमा थिएटरला लागला डिसेंबर २०२२ ला! आधी कळस मग पाया. चार महिन्यांवर लोक विचारत होते कुठे बघायचा, कुठे बघायचा, आणि लागला तेव्हा विचारणारे विसरून गेलेले.

(त्याच ७१ व्यात शाहरुखला जवानसाठी मिळाला, ३३ वर्षांत पहिला. माझं मत विचाराल तर तो स्वदेसला मिळायला हवा होता, त्या वर्षी हम तुमसाठी सैफला दिला. पण माझं मत कोण विचारतंय.)

बरं, आम्ही प्रेक्षक आळशी आहोत, मराठी माणूसच मराठी सिनेमाला जात नाही, हे ऐकून कान किटलेत. बाईपण भारी देवाला बायका ग्रुपने साड्या नेसून गेल्या त्या कोण होत्या? दशावतारला गेले ते कोण होते? दिलीप प्रभावळकरांचा तो थकलेला बाबुली मेस्त्री बघताना माझ्या शेजारचा गडी, चांगला मिशीवाला, रुमाल शोधत होता. आता थांबायचं नायला, सफाई कामगार दहावीची परीक्षा देतात त्या सिनेमाला, मी ऑफिसच्या शिपायासोबत जाऊन आले आणि दुसऱ्या आठवड्यात तो घरच्यांना घेऊन गेला. लोक येतात साहेब, खेळ असला तर येतात. आणि नियोजनाचं म्हणाल तर १२ सप्टेंबर २०२५ ला दशावतार, आरपार आणि बिन लग्नाची गोष्ट असे तीन मराठी सिनेमे एकाच दिवशी. एका पंगतीत तीन लग्नं. यात चूक निर्मात्यांची आहे, तुमची नाही, पण एवढं मोठं खातं आहे तुमचं, कोणीतरी कॅलेंडर घेऊन बसू शकत नाही का?

स्थळ बघितलाय का तुम्ही? नसेल तर बघाच, मिळाला तर. जयंत सोमलकरांचा, टोरंटोच्या महोत्सवात नेटपॅकचा, म्हणजे आशियाई सिनेमासाठीचा, पुरस्कार मिळाला २०२३ ला, आपल्याकडे लागला मार्च २०२५ ला. विदर्भातलं गाव, मुलगी शिकतेय, आणि बघायला पाहुणे येतात, पोहे, चहा, तिला मधोमध बसवायचं, नाव काय, शिक्षण काय, उंची किती. परत दुसरे पाहुणे, परत तेच. दिग्दर्शक कुठे ओरडत नाही, नुसतं तेच तेच दाखवत राहतो आणि तुम्हाला गुदमरायला होतं. आम्ही होतो तेव्हा थिएटरात नऊ माणसं. मध्यंतरात आई एकदम म्हणाली, मला सात जणांनी बघितलं होतं, चौथ्याने दात दाखवायला सांगितले. पन्नास वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मला. पोटच्या पोरीला. तो सिनेमा एका आठवड्यात उतरला, दुसऱ्या रविवारी मी मावशीला घेऊन जाणार होते, राहिलं. साबर बोंडाचं तसंच. रोहन कानवडेंनी २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी प्राइज आणलं, जगातल्या सिनेमांमधून, मराठी! बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकात गावाला आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणीचा मित्र, इतकी हळुवार गोष्ट. ती बघायला मी दीड तास प्रवास करून गेले, एकटी, कारण जवळ कुठे लागलाच नव्हता. परतीची बस चुकली ते वेगळं.

आता जरा वचनांचं बोलू. एप्रिल २०१५ ला तेव्हाच्या मंत्र्यांनी जाहीर केलं, प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायलाच लागेल, संध्याकाळी सहा ते नऊ. हिंदीवाल्यांनी गिल्ला केला आणि काही दिवसांतच प्राइम टाइम रबरासारखा ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ झाला. दुपारी बारा! त्या वेळेला प्राइम फक्त कुकरची शिट्टी असते. मग २०२३ ला घोषणा, वर्षातून चार आठवडे मराठी दाखवलं नाही तर लायसन्स रिन्यू करताना १० लाख दंड. टाळ्या. चार आठवडे म्हणजे म्हणे ११२ खेळ. मी रविवारी आईला बाकड्यावर बसवून बोर्ड मोजला, पाच स्क्रीन, पंचवीस खेळ, त्यात मराठी तीन, सकाळी सव्वानऊ, रात्री अकरा दहा आणि आमचा कॅन्सल झालेला. दिवसाला २५ म्हणजे वर्षाला नऊ हजारांच्या वर खेळ, त्यात तुमचे ११२ म्हणजे सव्वा टक्का. स्क्रीनमागे धरले तरी सहा टक्के. हिशोब चुकला असेल तर कॅल्क्युलेटर तुमच्याकडेही आहे. आणि १० लाखांचा तो दंड किती जणांकडून घेतला, एक आकडा सांगा, एकच. टीडीएम या सिनेमाचे कलाकार २०२३ ला शो मिळत नाहीत म्हणून लोकांसमोर रडले होते, ते दंडाच्या घोषणेनंतर की आधी ते तरी बघा.

दुसरीकडे अ दर्जाच्या सिनेमाला ४० लाख, ब ला ३० लाख अनुदान. पैसा आमचाच, त्याबद्दलही राग नाही, उलट द्या. पण पैसे देऊन सिनेमा बनवायचा, मग ट्रॉफी देऊन गौरवायचा आणि मधे तो दाखवायचं कोणीच नाही? पोराला शिकवलं, पदवीला शाल-नारळ दिला, नोकरीचं विचारू नका. आधी मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, २०१७ ला जीएसटी आला, आता शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के, त्यातले निम्मे तुमच्या तिजोरीत. म्हणजे मी स्थळ बघितला तर तुम्ही माझ्याकडून कर घेता आणि मला स्थळ बघायला मिळत नाही म्हणून मी रडले तर तुम्ही अभिजात भाषा म्हणता. तो दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला, आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता, त्यावर अभिजातमधला जा ऱ्हस्व-दीर्घाच्या पलीकडे कुठेतरी गेला होता.

केरळचं ऐका, नाही ऐकलं तरी चालेल पण मी सांगणार. त्यांच्या सरकारच्या चित्रपट महामंडळाची स्वतःची थिएटरं आहेत, आणि मार्च २०२४ ला त्यांनी सी स्पेस म्हणून सरकारी ओटीटीच काढलं. आपल्याकडे काय, जिथे देशातला पहिला सिनेमा बनला तिथे? नगरपालिकांची नाट्यगृहं आहेत ना, गळकी असली तरी आहेत. आमच्या इथल्या नाट्यगृहात निवडणुकीचं ट्रेनिंग होतं, कोचिंग क्लासवाल्यांचे सत्कार होतात, साड्यांचा सेल लागतो. तिथे पडदा लावा, पुरस्कारवाले पाच-सहा सिनेमे वर्षातून एक आठवडा दाखवा, जाहीर झाल्याच्या महिन्याभरात. तिकीट पन्नास ठेवा, शंभर ठेवा. स्वच्छतागृह चालू ठेवा, एवढं केलंत तरी पुतळा उभारीन तुमचा.

लहानपणी आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. रविवारी दुपारी बधिरांसाठी बातम्या झाल्या की दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमा लागायचा, पुरस्कारवाला, बंगाली, मल्याळी, कन्नड, खाली इंग्रजी अक्षरं. आईला एक अक्षर इंग्रजी येत नव्हतं, तरी भाजी निवडत पूर्ण बघायची आणि शेवटी आम्हालाच गोष्ट समजावून सांगायची. एका सरकारी चॅनेलला हे तेव्हा जमत होतं. आज हातात फोर जी, फाइव्ह जी, भिंतीएवढे टीव्ही, आणि माझ्या आईला तिच्याच भाषेतला सिनेमा बघायला मिळत नाही. आजवर पाच मराठी सिनेमे देशात सर्वोत्कृष्ट ठरलेत, अत्र्यांचा श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट, कासव. भाषणात पाचही नावं घेता तुम्ही लोक. यातला कासव किती जणांनी थिएटरात बघितलाय, पुढच्या सभेत हात वर करायला सांगा.

असो. रागावून खूप लिहिलं, खरं तर लिफ्टपासूनच डोकं तापलं होतं. मुद्द्याचं म्हणजे, मी त्या मॅनेजरला फोन केला होता. तो म्हणाला, मॅडम, शुक्रवारी उतरणार आहे, गुरुवारी सकाळी सव्वानऊचा एक खेळ आहे, दहा तिकिटं गेली तर लावतो. मी सोसायटीत फिरून आठ जमवलीत, आई धरून. दोन कमी पडतायत. तुम्ही आणि तुमचे पीए येता का? लाडू आणू नका, काढून घेतात.

आपली,
एक प्रेक्षक

ता. क. : रिफंड आला. बुकिंगची फी कापून.