अस्वलाला गोळी नको, पण कुठल्याही जंगलात सोडणेही नको

मा. संपादक,
स. न.

मोहफुले पडू लागली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडून अस्वलाच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात आणि त्यामागोमाग ‘गोळी घाला’ ही मागणीही येते. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांचा संताप खरा आहे. अस्वल थेट डोक्यावर, तोंडावर वार करते. त्यातून वाचलेल्यांना अनेकदा जन्मभराचे व्यंग येते. तरीही ही मागणी मला मान्य नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कलम 11 नुसार, ते पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही आणि दुसरीकडे हलवताही येत नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश निघू शकत नाही. म्हणजे पकडून हलवणे ही वनखात्याची मेहेरबानी नव्हे, ते आधी करायचे काम आहे. छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात 2016 मध्ये एका अस्वलाने वनकर्मचाऱ्यासह तिघांचा जीव घेतला आणि अखेर पोलिसांना ते गोळ्या घालून मारावे लागले. असे प्रसंग क्वचित येतात. गावात शिरलेले किंवा विहिरीत पडलेले प्रत्येक अस्वल त्याच मापाने मोजू नये.

मात्र ‘हलवा’ म्हणणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ‘कुठे?’ याचे उत्तर दिले पाहिजे. जुन्नर भागात 2001 नंतर बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. पुढे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले की, त्यानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर स्थिरावत नाही, भटकते. अमेरिकेत दूर नेऊन सोडलेली काळी अस्वले शेकडो किलोमीटर चालून मूळ जागी परतल्याची उदाहरणे आहेत. म्हणून चुकून गावात आलेले, कोणावर हल्ला न केलेले अस्वल त्याच जंगलपट्ट्यात, वस्तीपासून आत सोडावे. पिल्ले असलेल्या मादीची तर त्यांच्यापासून ताटातूट होता कामा नये. वारंवार हल्ले करणाऱ्या अस्वलाला रेडिओ कॉलर (माग काढता येईल असा गळपट्टा) लावल्याशिवाय सोडू नये. जखमी किंवा जंगलात जगू न शकणाऱ्या अस्वलांसाठी नागपूरला गोरेवाड्याचे बचाव केंद्र आहे.

आणि हल्ले होतात ते बहुधा कसे? मोह रात्री-पहाटे गळतो. फुले गुरे-हरणांनी खाण्याआधी वेचायची म्हणून बायका अंधारातच निघतात. अस्वलही त्याच झाडाखाली त्याच फुलांसाठी आलेले असते. त्याची नजर आणि कान अधू. माणूस अगदी जवळ आला की ते दचकते आणि अंगावर येते. छत्तीसगडमध्ये काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून मोह गोळा करतात. फुले जमिनीला लागत नाहीत, स्वच्छ राहतात, उजाडल्यावर काढता येतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याचीही गरज उरत नाही, त्यामुळे वणवेही टळतात. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे गावोगावी का पोचू नये?

येत्या हंगामाआधी वनखात्याने मोह वेचणाऱ्या कुटुंबांना अशा जाळ्या द्याव्यात, प्रत्येक वनविभागात बेशुद्ध करणारा पशुवैद्यक आणि अस्वलासाठीचा पिंजरा तयार ठेवावा, आणि पकडलेले अस्वल कुठे सोडायचे त्या जागा आताच ठरवून ग्रामसभांना कळवाव्यात.

आपला,
एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)