वसईच्या आमच्या मावशींना, कापडी ताऱ्यांसाठी मनापासून थँक्यू

मावशी,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि उठून चहा टाकता, म्हणून यावेळी सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेलच तुम्हाला.

पहिलं थँक्यू यासाठी की तुम्ही माझ्या हातातलं काम कधी काढून घेतलं नाहीत. शिकवणारे पुष्कळ भेटतात हो, पण टाका जरा तिरका गेला की "दे इकडे" म्हणून स्वतःच पुरं करून टाकतात, वस्तू छान होते आणि आपल्याला काही येत नाही ते नाहीच. तुम्ही कायम दोन तुकडे घेऊन बसायचात, एक तुमचा, एक माझा, आणि माझं कुठे अडलं की तुमचा चांगला घातलेला टाका उसवून परत घालून दाखवायचात, सावकाश, मला नीट दिसेल असा. स्वतःचं काम उसवून शिकवणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

नाताळच्या झाडाला टांगायचा तो घड्यांचा तारा तर अजून जो कोणी बघतो तो विचारतो की हा शिवला कसा, आणि मी सांगते की यात सुईदोरा नाहीच. तीन इंचाचा थर्माकोलचा गोळा, अडीच इंचाचे कापडाचे चौकोन आणि टाचण्या, एवढंच. पण खरी गंमत टाचणीच्या जागेत आहे ती तुम्ही दाखवलीत. चौकोनाची अर्धी घडी घालायची, घडीची कड गोळ्याच्या मध्याकडे ठेवायची, कडेच्या बरोबर मध्यावर टाचणी आधी खुपसायची आणि मग दोन्ही कोपरे खाली दुमडून त्रिकोण करायचा, म्हणजे टाचणीचं डोकं आपोआप घडीच्या पोटात जातं आणि टोक स्वच्छ दिसतं. पहिल्या फेरीत चार त्रिकोण, चारही टोकं एकाच बिंदूवर. दुसऱ्या फेरीत अर्धा इंच मागे सरकून आठ, वेगळ्या रंगाचे, मग परत आठ. मधली चार टोकं केसभर जरी सरकली तरी पुढचा अख्खा तारा फिरलेला दिसतो, म्हणून तुम्ही त्या पहिल्या चौघांवर एवढा वेळ द्यायला लावायचात, आणि बाकीचं मग पटापट होतं. दोन्ही बाजू झाल्या की मधल्या जोडावर रिबीन, सगळ्या कच्च्या कडा तिच्याखाली, वर टांगायला लूप. गंज न धरणाऱ्याच टाचण्या घे, नाहीतर आपल्या वसईच्या हवेत पुढच्या वर्षी लाल कापडावर तपकिरी डाग येतील, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि इस्त्री! मला वाटायचं शिवणकाम म्हणजे मशीन, तुम्ही म्हणालात अर्धं काम इस्त्रीचं. कापड आधी धुवायचं, लाल असेल तर पाण्याला रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवायचं, मग पेजेची कांजी, मग इस्त्री आणि मगच कात्री. कांजी केलेल्या सुती कापडाची घडी जी बसते ना, नुसतं नख फिरवलं तरी पुरतं. शिवताना कडेपासून पाव इंच म्हणजे पाव इंचच, कारण आठ तुकडे जोडताना प्रत्येक ठिकाणी सूतभर फरक पडला तर शेवटी जोडून झालेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, चौकोनी राहतच नाही.

तुमच्या आईंचं ते जुनं लाल चौकटीचं लुगडं तुम्ही माझ्यासमोर उलगडलंत तेव्हा मला ते कापायचा धीरच होत नव्हता. पदराकडचा भाग विरला होता, पण आतलं कापड अजून घट्ट होतं. तुम्ही म्हणालात, कपाटात राहून ते विरणारच आहे, झाडावर टांगलं तर निदान नातवंडं विचारतील तरी हे कोणाचं. त्या लाल चौकटींसोबत पांढरं मांजरपाट लावलं आणि बाजारातल्या कुठल्याच नाताळ प्रिंटला येणार नाही असा तारा झाला. माझं मत विचाराल तर चकचकीत सोनेरी कापडापेक्षा असं धुवून मऊ झालेलं सुती कापड शंभर पटीने बरं, घडीही चांगली बसते आणि बघायलाही डोळ्यांना बरं वाटतं.

मी साताऱ्याकडची, आमच्याकडे आई वाकळ शिवायची, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून नुसता धावदोरा. क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवणं, हे काहीतरी परदेशी आणि महागडं, आपलं काम नाही असं मला वाटायचं, तुम्ही म्हणालात अगं आईचा धावदोरा येतो ना तुला, मग येतंच तुला क्विल्टिंग. हे वाक्य माझ्यासाठी फार मोठं होतं मावशी, तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. त्यानंतरच मी वाचायला लागले आणि कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या कवंदीचे, म्हणजे त्यांच्या गोधडीचे फोटो तुम्हाला आणून दाखवले, आठवतंय? त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि तिथून पळून ते जंगलात गेले. त्या बायका कवंदी कडेपासून शिवायला घेतात आणि मध्यावर संपवतात, सगळी हाताने, आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात, ते नसतील तर कवंदी उघडी वाटते म्हणे. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ ते कोपरे बघत होतात आणि म्हणालात, ही तर आपल्या ताऱ्याचीच घडी. मला तेव्हा इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

बाकी छोट्या गोष्टी तर किती शिकवल्यात. योयोचं, म्हणजे चुणी ओढून केलेल्या कापडी चकत्यांचं झाड, त्यात कापडाचा गोल तयार योयोच्या दुप्पट कापायचा, कड दुमडत धावदोरा घालायचा आणि ओढायचा, आणि टाके मुद्दाम लांब घालायचे कारण बारीक टाक्यांनी मधलं भोक मोठं राहतं. मोठ्यापासून लहानापर्यंत योयो एकावर एक ओवले, वर एक मणी, झालं झाड. कपाखाली ठेवायच्या छोट्या चटया, म्हणजे मग-रग, त्या लॉग केबिन नावाच्या नमुन्याच्या, मधोमध लाल चौकोन, तो म्हणे घरातल्या चुलीचा, आणि एका बाजूला उजळ पट्ट्या तर दुसऱ्या बाजूला गडद. ते मग-रग मी दिवाळीतही भेट दिले, लोकांना खूप आवडले. तुमच्याकडे नाताळच्या फराळाच्या कुलकुलची तयारी चालू असतानाही तुम्ही माझ्यासाठी वेळ काढायचात, पिठाचे हात धुवून यायचात, ते मी विसरणार नाही.

माझ्या लेकीलाही आता त्रिकोण घालता येतात, आणि तिला शिकवताना मी पण दोन तुकडे घेऊन बसते. तिचं अडलं की हात शिवशिवतात, पण तिच्या हातातलं घेत नाही, माझं उसवते. तिने केलेला पहिला तारा तुमच्या झाडासाठी बाजूला ठेवलाय, तो तिच्या हातूनच घ्या.

लुगड्याचा काठ तुम्ही सांगितलंत तसा अख्खा ठेवलाय, त्याचा यंदा नाताळच्या गव्हाणीखाली घालायला रनर, म्हणजे लांब पट्टी, करूया असं मनात आहे. मागे लावायला मांजरपाट धुवून कांजी करून ठेवलंय. नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार झाला की येते, तुमची इस्त्री नीट तापत नाही म्हणून माझी घेऊनच येते.

तुमची शेजारीण