‘विज्ञापन’ हा शब्द वाचता येईल असा छापा: इंदूरच्या जिल्हा निर्वाचन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कलेक्टर तथा जिल्हा निर्वाचन अधिकारी,
इंदूर (म. प्र.)

सादर नमस्कार.

निवडणूक जाहीर झाली की पंचाहत्तरीच्या पुढच्या मतदाराकडे प्रचार तीन वाटांनी येतो: सकाळच्या पेपरातून, पेपरात घातलेल्या पत्रकातून आणि फोनवरून. हा मतदार सभेला जात नाही. रामबाग, लोकमान्य नगर, तिलक नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांत तो पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. संपादक राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर यांच्या काळातल्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकावर या पिढीची वाचनाची सवय घडली. छापलेले अक्षर म्हणजे कुणीतरी तपासलेले अक्षर, असे तिला वाटते आणि तेव्हा ते रास्तही होते. निवडणुकीच्या दिवसांत नेमका हाच विश्वास विकत घेतला जातो. जिल्ह्याची माध्यम प्रमाणन समिती, म्हणजे एमसीएमसी, आपल्या अधिकारात काम करते, म्हणून हे पत्र आपल्याला.

सर्वांत आधी ‘जॅकेट’विषयी. पेपरच्या पहिल्या पानावर आणखी एक पान चढवलेले असते, त्याला छपाईत जॅकेट म्हणतात. वर पेपरचे नाव, तारीख, खाली आठ कॉलमी मथळा, उमेदवाराचा फोटो आणि ‘मतदारांत उत्साह’ अशा चालीचा मजकूर. टाइप बातमीचा, कॉलमची रुंदीही बातमीचीच. कोपऱ्यात ‘विज्ञापन’, म्हणजे हिंदीत जाहिरात, असे असते. कधी तेही नसते, त्याऐवजी ‘इम्पॅक्ट फीचर’ किंवा ‘मीडिया इनिशिएटिव्ह’ असते. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराला असे म्हणतात, हे आयुष्यभर पेपर वाचलेल्या माणसालाही समजण्याचे कारण नाही.

त्यातून तो शब्द अनेकदा अगदी बारीक आणि करड्या रंगात येतो. करडा म्हणजे वेगळी शाई नव्हे. काळ्याच शाईचे सुटे ठिपके टाकून करडेपणा आणतात. मथळ्याच्या मोठ्या अक्षरात हे निभावते, पण सहा पॉइंटाच्या (पॉइंट हे टाइपाच्या आकाराचे माप) देवनागरीत अक्षराची रेघच ठिपक्याएवढी बारीक असते, त्यामुळे काना, मात्रा आणि शिरोरेषा तुटतात. न्यूजप्रिंट मुळात मळकट, त्यावर शाई थोडी पसरते, म्हणून जोडाक्षरे भरून जातात. वाचणाऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला असेल, तर करड्यावरचे करडे त्याला दिसतच नाही. भिंगानेही उपयोग होत नाही, कारण अक्षर नुसते लहान नसते, ते पुरते उमटलेलेच नसते.

हा केवळ आपल्या शहराचा प्रश्न नाही. आसाममध्ये 2021 साली पहिल्या टप्प्याचे मतदान होताच, दुसऱ्या दिवशीच्या अनेक पेपरांत एका पक्षाच्या विजयाची जाहिरात थेट बातमीच्या मथळ्याच्या रूपात छापून आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

आमची मागणी मोजून सांगता येईल अशी आहे. ‘विज्ञापन’ हाच शब्द, ठळक टाइपात, किमान 14 पॉइंट, पूर्ण काळ्या शाईत, चौकटीत, पानाच्या माथ्यावर आणि जाहिरातीच्या प्रत्येक पानावर छापला जावा. खाली पैसे देणाऱ्याचे नाव असावे. जॅकेटवर पेपरचे नाव बातमीच्या पानासारखे छापू नये. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायची राजकीय जाहिरात एमसीएमसीकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते, असा निवडणूक आयोगाचा आदेश आहे. या दोन दिवसांपुरता आपला हात थेट पोहोचतो. प्रमाणनासाठी येणारा नमुना संगणकाच्या पडद्यावर मोठा करून न बघता छापायच्या मूळ आकारात, न्यूजप्रिंटवर काढून बघावा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक जाहिरातीतच छापायला सांगावे. उरलेल्या दिवसांसाठी सर्व पेपरांच्या जाहिरात व्यवस्थापकांना बोलावून हे लेखी मान्य करून घ्यावे. जाहिरात बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, हे प्रेस कौन्सिलच्या निकषांतच आहे. नवे काही मागितल्यासारखे होणार नाही.

इथे एक गैरसमजही दूर व्हायला हवा. मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचार बंद, म्हणजे पेपरातही प्रचार बंद, असे पुष्कळ ज्येष्ठ मतदार धरून चालतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 126 टीव्ही, सिनेमा आणि तत्सम साधनांना लागू आहे, छापील पेपरला नाही. या गैरसमजामुळे शेवटच्या सकाळी पेपरात जे येते ते निःपक्षपातीच असणार, असे समजून वाचले जाते. या 48 तासांच्या शांतता काळाच्या सरकारी सूचनेत, ही बंदी छापील पेपरला लागू नाही, हे एक वाक्य घालावे.

पेड न्यूजचे, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचे, दुखणे याहून खोल आहे, कारण तिथे लेबलच नसते. ती ओळखायची ढोबळ खूण अशी: एकाच दिवशी दोन-तीन पेपरांत शब्दाला शब्द जुळणारा मजकूर, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावांनी. तक्रार आली की 96 तासांत उमेदवाराला नोटीस जाते, त्याला उत्तरासाठी 48 तास मिळतात आणि ठपका ठेवला गेला तर त्या जागेचा दर त्याच्या खर्चात धरला जातो. विधानसभेसाठी मर्यादा 40 लाख रुपयांची आहे, म्हणून ही भीती खरी आहे. मात्र ती भीती निवडणूक चालू असतानाच उपयोगाची. दतियाच्या 2008 च्या निवडणुकीतील पेड न्यूजवरून आयोगाने तिथल्या आमदारांना जून 2017 मध्ये अपात्र ठरवले आणि मे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मधल्या काळात 2013 ची निवडणूकही होऊन गेली. मतदाराच्या हातात काय आले?

म्हणून तक्रार लवकर आणि पुराव्यासह यावी, अशी सोय हवी. निवडणूक आयोगाचे तक्रारीचे सी-व्हिजिल ॲप चांगले आहे, पण ते जागेवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओ मागते. फोनवर आधीच आलेला फॉरवर्ड त्यात चढवता येत नाही. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्याचे तर दारच बंद. 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन लागतो, पण फोनवरून पान दाखवता येत नाही. प्रत्येक झोन कार्यालयात आचारसंहितेच्या काळात कागदी तक्रारीची पेटी ठेवावी, ती रोज उघडावी आणि हाती पोच द्यावी. तक्रारीसोबत कात्रण नको, पूर्ण पान हवे हे पेटीवरच लिहावे. कात्रणात तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक निघून जातात आणि तक्रार तिथेच लंगडी पडते.

पत्रकांचा मार्ग सर्वांत स्वस्त. पहाटे पेपर वाटपाच्या ठिकाणी गठ्ठे सुटतात, तेव्हाच ती आत सरकवली जातात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-क प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपासणी छापखान्यात होतेच, ती पहाटे या वाटपाच्या ठिकाणीही व्हावी. मराठी वस्त्यांत ‘आपल्या माणसालाच मत’ असे सांगणारी मराठी पत्रके आली, तर ती वाचणारे कुणीतरी समितीत असले पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम 123(3) मध्ये धर्म आणि जातीबरोबर भाषाही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी त्याचा अर्थ अधिक व्यापक केला: उमेदवाराचीच नव्हे, मतदाराची भाषा पुढे करून मत मागणेही भ्रष्ट आचरण. आपल्या भाषेवर प्रेम असणाऱ्या माणसाला हे कळले तर त्याला वाईट वाटणार नाही, उलट बरे वाटेल.

फोनवरच्या ध्वनिमुद्रित प्रचारालाही प्रमाणन लागते. त्याहून काळजीचे म्हणजे घरून मतदानाच्या नावाने येणारे फोन. वय 85 च्या पुढे असेल तर फॉर्म 12-डी भरून घरी मत देता येते. अधिसूचनेपासून पाच दिवसांत तो भरायचा, बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवरचे अधिकारी, घरी आणून देतात. हा कागदी फॉर्म आहे, त्यासाठी कुणालाही ओटीपी किंवा बँकेचा तपशील देण्याची गरज नाही. शिवाय ही सोय आहे, सक्ती नाही. पण अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) लागते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. न वाचता सही केलेली आजी मतदानाच्या दिवशी नटूनथटून केंद्रावर जाते आणि परत पाठवली जाते. बीएलओने सही घेण्याआधी हे एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे, ऐकू कमी येत असेल तर लिहून द्यावे.

आचारसंहिता लागण्याआधी पेपरांच्या प्रतिनिधींची बैठक होते तेव्हा 14 पॉइंटचा नमुना छापून आणायला आम्ही तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपले,
इंदूरमधील काही निवृत्त मुद्रक, मुद्रितशोधक आणि निवडणुकीच्या कामावर राहिलेले कर्मचारी