‘पण’ एकटा शिकवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दांची चौकट येते. गेल्या आठवड्यात तीत ‘बट, हाउएव्हर, यट, स्टिल, व्हाइल’ हे पाच शब्द होते आणि प्रत्येकापुढे एकेक मराठी अर्थ. पहिल्या चारांपुढे ‘पण’, ‘परंतु’, ‘तरी’ असेच काहीतरी, शेवटच्यापुढे ‘असताना’. मी १९८४ ते २०१७ अशी ३३ वर्षे सांगली जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवले. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे मीही फळ्यावर असेच लिहीत आले. त्यात काय राहून जाते हे मला फार उशिरा कळले, म्हणून हे पत्र.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यातून घरी सोडले तेव्हा कागदावर एका गोळीपुढे लिहिले होते : ‘मे बी स्टॉप्ड आफ्टर फिफ्टीन डेज, बट नॉट बिफोर रिव्ह्यू.’ घरात इंग्रजी वाचणारी एकच, दहावीतली नात. हुशार पोर. तिने पंधरा दिवस मोजले आणि सोळाव्या दिवशी गोळी बंद केली. मी सहज डोकावले होते, आजी म्हणाल्या, “बाई, एक गोळी कमी झाली बघा.” मी कागद मागितला. नातीला विचारले, तर तिने एकेक शब्द बरोबर सांगितला. बट म्हणजे पण, नॉट म्हणजे नाही, बिफोर म्हणजे आधी. मग तिने अर्थ लावला, “पण तपासणी आधी नाही. म्हणजे आधी गोळी थांबवायची, तपासणी नंतर.” वाक्याचा अर्थ नेमका उलट होता : तपासणी झाल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. त्याच संध्याकाळी गोळी पुन्हा सुरू झाली, आजी ठीक आहेत. पण मला त्या रात्री झोप आली नाही. या मुलीला एकही शब्द अडला नव्हता. ‘बट’, ‘नॉट’ आणि ‘बिफोर’ एका दावणीला बांधले की काय होते, हे तिला कोणी दाखवलेच नव्हते.

आणि गंमत अशी की मराठीत ती हेच दिवसातून दहादा बोलते. “खेळायला जा, पण अभ्यास झाल्याशिवाय नाही.” ‘बट नॉट बिफोर’ म्हणजे ‘पण …शिवाय नाही’. एवढे एकदा सांगितले असते तर पुरे होते.

विरोध दाखवणारे शब्द इंग्रजीत नेहमीच एकटे येतात असे नाही. त्यांच्या शेजारी अनेकदा काळाचा किंवा क्रमाचा शब्द असतो : बट फर्स्ट, बट बाय देन, बट नॉट यट, ओन्ली लेटर, हाउएव्हर. परीक्षेत मात्र आम्ही त्यांची ताटातूट करतो. ‘डू ॲज डायरेक्टेड’ या प्रश्नात ‘यूज दो’ (‘जरी’ या अर्थाचा ‘दो’ वापरा) म्हटले की मुले यंत्रासारखे वाक्य फिरवतात, गुण मिळतात, आणि औषधाचा कागद हाती आला की अडतात.

‘हाउएव्हर’चेच घ्या. आपण मुलांना ‘पण’ असा अर्थ देतो, म्हणून ती ‘बट’च्या जागी ‘हाउएव्हर’ ठोकतात. ‘ही रॅन फास्ट, हाउएव्हर ही मिस्ड द बस’ असली वाक्ये मी हजारो वेळा लाल शाईने कापली आहेत. निवृत्तीच्या सातआठ वर्षे आधी एकदा धडा वाचताना ‘द फॉलोइंग इयर, हाउएव्हर, द रेन्स फेल्ड’ असे वाक्य आले आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला इंग्रजीत कधी पस्तीसच्या वर गुण पडले नव्हते, तो पटकन म्हणाला, “पुढच्या वर्षी मात्र पाऊस पडला नाही.” मी खडू खाली ठेवला. ‘मात्र’! मराठीत ‘मात्र’ वाक्याच्या तोंडाशी फारसा बसत नाही, तो काळाच्या शब्दामागे उभा राहतो : नंतर मात्र, यंदा मात्र, संध्याकाळी मात्र. ‘हाउएव्हर’लाही ही जागा मानवते : लेटर, हाउएव्हर, धिस इयर, हाउएव्हर. ‘बट’ तसा नाही, तो काळाच्या शब्दाच्या पुढे चालतो : बट लेटर, बट धिस इयर. आपला ‘पण’ही पुढेच चालतो : पण नंतर, पण यंदा. दोन शब्द, दोन जागा, आणि दोन्ही जागा मुलाच्या जिभेवर आधीच तयार. त्या दिवसापासून मी ‘हाउएव्हर म्हणजे मात्र’ असे शिकवले. चुका लगेच बंद झाल्या नाहीत, पण पुढे चुकले की मुले स्वतःच “बाई, इथे मात्र बसत नाही” म्हणून दुरुस्त करू लागली.

‘ॲट फर्स्ट’ हा असाच फसवा. मुले भाषणाची सुरुवात करतात, ‘ॲट फर्स्ट, आय थँक माय टीचर्स’. इंग्रजी कानाला ‘ॲट फर्स्ट’ ऐकले की पुढे ‘बट’ येणार असे वाटत राहते. आधी आभार मानले, मग काय बिनसले? प्रथम, सर्वांत आधी एवढेच म्हणायचे तर ‘फर्स्ट’ पुरे. ‘ॲट फर्स्ट’ला आपल्याकडे जोडीदार आहे तो ‘सुरुवातीसुरुवातीला’. सुनेने नुसते “सुरुवातीसुरुवातीला सासूबाई प्रेमाने वागायच्या” एवढे म्हटले तरी पुढचे सांगावे लागत नाही. हे उदाहरण वर्गात दिले की मुली हसायच्या आणि ‘ॲट फर्स्ट’ कायमचा लक्षात राहायचा.

‘स्टिल’ आणि ‘यट’ काळही दाखवतात आणि विरोधही. ‘नॉट यट’मध्ये ‘अजून नाही’, ‘अँड यट’मध्ये ‘आणि तरीही’. ‘व्हाइल’ हा मुळात काळाच्या तुकड्याचे नाव, ‘वेट फॉर अ व्हाइल’मध्ये तो अजून तसाच आहे. मी झोपले असताना फोन वाजला, इथे ‘असताना’ ठीक. पण ‘कालव्याच्या वरच्या गावांना पाणी मिळते, तर खालची कोरडी राहतात’ या वाक्यातला ‘तर’ही इंग्रजीत ‘व्हाइल’च होतो, हे चौकटीत नव्हते.

‘बट बाय देन’ शिकवला तर मुलांना सर्वांत जड जाणारा पूर्ण भूतकाळही सोपा होतो. ‘वी रीच्ड द स्टेशन, बट बाय देन द ट्रेन हॅड लेफ्ट.’ आम्ही स्टेशनवर पोहोचलो, पण तोवर गाडी सुटली होती. ‘तोवर’ म्हटले की ‘सुटली’पाशी जीभ थांबत नाही, ‘होती’ आपोआप येते. तोच तो ‘हॅड’.

सगळ्यात मला जवळचा वाटतो तो ‘शेवटी’. आपण म्हणतो, “रागावली खरी, पण शेवटी आई ती आईच.” मुले लिहितात ‘ॲट लास्ट’. खूप वाट पाहून एकदाची बस आली, तिथे ‘ॲट लास्ट’. आईसाठी ‘आफ्टर ऑल’. दोन्ही भाषांनी इथे काळाचाच शब्द घेतला आणि त्याला समजूत घालायला लावले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. ‘बट देन’चेही तसेच. ‘बट देन, ही इज ओन्ली सिक्स’ यात ‘मग’ नाही की ‘नंतर’ नाही. आपण म्हणू, “आता तो पडला सहा वर्षांचा!” तिकडे ‘देन’, इकडे ‘आता’, आणि भाव एकच.

इंग्रजीने मराठीकडून काही नाकारलेही आहे. आपला ‘जरी’ ‘तरी’ची वाट पाहतो, म्हणून मुले ‘ऑलदो’नंतर हमखास ‘बट’ लिहितात. इंग्रजीत एकच ठेवायचा, हे बजावत राहण्याला पर्याय नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षे होतात. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे : चौकटीत एकटा शब्द आणि एकटा अर्थ देऊ नका. जोडी द्या, पूर्ण वाक्य द्या, आणि शेजारी ते मराठी वाक्य द्या जे मुलाने घरात ऐकलेले आहे. अशा साठेक जोड्या मी वर्गातल्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्या पानांच्या झेरॉक्स प्रती या पत्रासोबत पाठवत आहे. हव्या तशा छापा, माझे नाव घालण्याची गरज नाही. फक्त पहिल्या चौकटीत ‘बट नॉट बिफोर’ घ्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)